नोंदवहीचीही नाडी पाहावी लागते

"डॉक्टर, केसपेपर घरीच राहिला," असे रुग्णाने सांगितले की आमचे निम्मे काम अडते. मागच्या खेपेला रक्तदाब किती होता, वजन किती भरले होते, कोणते औषध सोसले नाही, हे सगळे त्या चुरगळलेल्या कागदावर असते. माणूस आज कसा दिसतो यापेक्षा गेल्या तीन भेटींत तो कसा बदलत गेला, यावरूनच पुष्कळदा आजाराचा माग लागतो. दर महिन्याला दोन किलोने उतरणारे वजन रुग्णाच्या ध्यानातही येत नाही. कागद मात्र ते सांगून जातो.

माणसाचा जसा केसपेपर असतो तसा गावाचाही असतो. फक्त तो एका जागी नसतो. अंगणवाडीत बालकांची वजने व उंची, आरोग्य उपकेंद्रात गरोदर मातांची नोंद, ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यू, रेशन दुकानात कोणी धान्य उचलले व कोणी नाही, तहसील कचेरीत निराधार व श्रावणबाळ योजनांच्या याद्या, शाळेत हजेरीपट, असा तो विखुरलेला असतो. पूर्वी हे सारे कपाटात बंद असे. आता त्यातील बराचसा भाग संगणकात व मोबाइलमध्ये गेला आहे. अंगणवाड्यांसाठी केंद्र सरकारचे 'पोषण ट्रॅकर' मार्च २०२१ मध्ये सुरू झाले, ते याचेच उदाहरण.

अशा नोंदींच्या ढिगातून उपयोगाचे सूत्र शोधून काढण्याच्या तंत्राला 'डेटा मायनिंग' म्हणतात. मराठीत माहितीचे उत्खनन म्हणता येईल. खाणीत जशी पुष्कळ माती उपसावी तेव्हा थोडे धातू हाती लागतात, तसेच हे आहे. कोणत्या गावात आधी जावे, कोणत्या घराला मदत द्यावी, कोणाचे नाव यादीतून काढावे, असे निर्णय घेताना सरकारी यंत्रणा आता या तंत्राचा आधार घेऊ लागली आहे.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे कारण असे की, गरिबाच्या घरी रेशन व पेन्शन हेही औषधच असते. झारखंडमधील चार जिल्ह्यांत क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना दरमहा तांदूळ व डाळ देऊन केलेला अभ्यास २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या घरांना हा शिधा मिळाला, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. एवढे काम धान्य करीत असेल, तर ते कोणाला मिळणार हे ठरवणारी यादी म्हणजे एक प्रकारे डॉक्टरची चिठ्ठीच झाली. चिठ्ठी चुकली तर काय होते, हे वेगळे सांगायला नको.

लंडनची यादी

हे तंत्र नवे वाटले तरी त्याच्या मागचा विचार जुना आहे. लंडनच्या सोहो भागात ऑगस्ट १८५४ च्या अखेरीस पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, भयंकर साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूनोंदणीच्या कचेरीतून त्या भागातील ८३ मृत्यूंची यादी मिळवली व एकेक पत्ता तपासला. जवळजवळ सारे मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाभोवती झालेले दिसले. १० मृत्यू मात्र असे होते की, त्या घरांना दुसरा पंप अधिक जवळ होता.

नुसत्या यादीवर विसंबणारा माणूस येथे गोंधळला असता. डॉ. स्नो यांनी त्या १० जणांची घरोघर चौकशी केली. ५ जणांच्या घरच्यांनी सांगितले की, आम्ही दूर राहत असलो तरी पाणी ब्रॉड स्ट्रीटचेच आणतो, ते आम्हांला आवडते. आणखी ३ मुले होती, ती त्याच पंपाजवळच्या शाळेत जात. म्हणजे कोड्याचा उलगडा यादीत नव्हता, तो घराच्या उंबऱ्यावर होता. ८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती हे खरे. पण कॉलरा पाण्यातून पसरतो याचा भक्कम पुरावा हाती आला.

यादीने वाट दाखवली आणि दारावर जाऊन खरे कळले. या कामाची रीत तेव्हापासून हीच आहे.

गडचिरोलीची सात लक्षणे

आपल्याच महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत एक काम हाती घेतले. प्रत्येक गावातील एका स्त्रीला शिकवून तयार केले. तिला नाव दिले आरोग्यदूत. गावात बाळ जन्मले की तिने घरी जायचे, बाळाचे वजन व ताप मोजायचा, श्वास मोजायचा, ते कसे पिते, कसे रडते, नाळ कशी आहे हे पाहायचे आणि छापील तक्त्यात लिहायचे. पहिले वर्ष मुख्यतः निरीक्षणाचे होते. त्यानंतर आरोग्यदूतांना घरीच उपचार करायला शिकवले गेले. आसपासच्या ज्या गावांत हे काम नव्हते, त्यांच्याशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. हा अहवाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. नवजात बाळाला जंतुदोष झाला, म्हणजे रक्तात विष पसरू लागले, तर ते ओळखायचे कसे? इस्पितळात रक्त तपासतात. खेड्यात प्रयोगशाळा कोठून आणणार? तेव्हा त्या तक्त्यांतील नोंदी एकत्र करून तपासण्यात आल्या. जी बाळे दगावली त्यांच्यात कोणती लक्षणे एकत्र दिसली होती, जी वाचली त्यांच्यात कोणती नव्हती, हे पडताळले. त्यातून सात लक्षणे निवडली गेली: बाळाचे पिणे कमी किंवा बंद होणे, रडणे क्षीण किंवा बंद होणे, हातपाय लुळे पडणे, उलटी होणे किंवा पोट फुगणे, आईच्या हाताला बाळ थंड लागणे, श्वास घेताना छाती फार आत ओढली जाणे आणि नाळेच्या जागी पू होणे. यांतील कोणतीही दोन एकाच वेळी दिसली तर जंतुदोष समजून उपचार सुरू करावे, असे सूत्र निघाले. ते २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

(हे सूत्र शिकवून तयार केलेल्या कार्यकर्तीसाठी आहे. घरच्या माणसांनी मात्र महिन्याच्या आतल्या बाळात यांतील एकही लक्षण दिसले तरी दुसऱ्याची वाट पाहू नये. लगेच दवाखाना गाठावा.)

उत्खनन म्हणतात ते हेच. शेकडो तक्त्यांतून अशी एक गोष्ट निघाली, जी थोडे शिकलेली बाई कंदिलाच्या उजेडातही वापरू शकते. पुढे २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम आशाताईंमार्फत देशभर सुरू झाला. इस्पितळात बाळंतपण झालेल्या घरी आशाताईने ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी यायचे असते. आपल्या घरी बाळ आले असेल, तर या तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात.

सगळ्यांचा रक्तदाब १२०/८०

गडचिरोलीच्या नोंदी उपयोगी पडल्या, कारण त्या खऱ्या होत्या. आरोग्यदूत काय लिहिते याची तपासणी डॉक्टर गावात जाऊन करीत. सगळीकडे तसे असते का?

आमच्या धंद्यातलेच उदाहरण देतो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागातील केसपेपर चाळले, तर रांगेने प्रत्येकाचा रक्तदाब १२०/८० लिहिलेला आढळतो. एवढे निरोगी गाव जगात कोठे नसेल! पट्टा न गुंडाळताच आकडा लिहिला, हे कोणाही जाणकाराला कळते. अंगणवाडीच्या वहीतही असे होऊ शकते. वजनकाटा बिघडलेला, सेविकेच्या डोक्यावर दहा कामे आणि महिनाअखेर भरायची माहिती. मग मागच्या महिन्याच्या वजनात थोडी भर घालून नवे वजन लिहिले जाते, किंवा सगळी वजने पूर्ण अथवा अर्ध्या किलोवर येऊन थांबतात. यात एकट्या सेविकेला दोष देणे अन्यायाचे होईल. कुपोषित मुले जास्त दाखवली तर वरून जाब विचारला जाणार असेल, तर खरे वजन लिहायला कोण धजेल?

याहून गंभीर म्हणजे जे मूल वहीतच नाही ते. महाराष्ट्रातील अनेक संस्थांनी एकत्र येऊन खेड्यापाड्यांत व झोपडपट्ट्यांत बालमृत्यूंची मोजणी केली. 'कोवळी पानगळ' या नावाने तिचा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी नोंदींत कितीतरी बालमृत्यू येतच नाहीत, असे त्यात उघड झाले. त्यानंतर राज्य सरकारला बालमृत्यूंसाठी मूल्यमापन समिती नेमावी लागली. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे मूल दिवाळीनंतर गावच्या अंगणवाडीत दिसत नाही, आणि कारखान्याजवळच्या कोपीवर त्याची नोंद होईलच याची खात्री नसते. संगणक फक्त वहीत असलेलेच वाचू शकतो. ज्याला सर्वांत जास्त गरज, तेच मूल त्याला दिसत नाही.

चांगल्या उत्खननाचा एक फायदा येथेही आहे. सगळ्याच मुलांची वजने गोल आकड्यांत आहेत, किंवा वर्षभरात एकाही मुलाचे वजन घटलेले नाही, अशी अंगणवाडी संगणक चटकन दाखवून देतो. तेथे नवा काटा पाठवावा, सेविकेला मदत द्यावी. नोटीस पाठवली तर पुढच्या वर्षी खोटे आकडे अधिक हुशारीने लिहिले जातील, इतकेच.

संगणक चुकतो म्हणजे काय होते?

प्रत्येक तपासणीत दोन प्रकारच्या चुका होतात. निरोग्याला आजारी ठरवणे ही एक आणि आजाऱ्याला निरोगी ठरवणे ही दुसरी. योजनेतही तसेच. अपात्र माणूस यादीत राहणे ही एक चूक, पात्र माणूस यादीतून बाहेर पडणे ही दुसरी.

आता थोडे गणित करू. समजण्यापुरते धरा की, एका तालुक्यात १०,००० शिधापत्रिका आहेत आणि त्यांतील २०० बनावट आहेत. संगणकाची पद्धत चांगली आहे. ती १०० बनावट कार्डांतील ९० पकडते, आणि १०० खऱ्या कार्डांतील फक्त ५ चुकून संशयित ठरवते. ऐकायला उत्तम. म्हणजे २०० बनावटांपैकी १८० सापडली. पण खरी कार्डे ९,८०० आहेत. त्यांचे ५ टक्के म्हणजे ४९०. संशयितांची यादी झाली ६७० ची, आणि त्यांत ४९० कार्डे खऱ्या गरजूंची! या यादीवरून घरोघर चौकशी केली तर काम सोपे झाले, कारण १०,००० घरांऐवजी ६७० घरी जावे लागेल. पण यादी हाच निकाल मानून कार्डे रद्द केली, तर एका चोरामागे जवळजवळ तीन साव उपाशी राहिले.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. शेजारच्या तेलंगणात 'समग्र वेदिका' नावाची पद्धत वापरली गेली. वाहन नोंदणी, मालमत्ता, वीज वगैरे निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी जुळवून ती कुटुंबाची ऐपत ठरवते. तेथे २०१४ ते २०१९ या काळात सुमारे १९ लाख शिधापत्रिका रद्द झाल्या. जागेवर चौकशी न करता, नोटीस न देता कार्डे रद्द केली, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०२२ मध्ये न्यायालयाने फेरतपासणीचा आदेश दिला. फेरतपासणीत हजारो कुटुंबे पात्र असल्याचे आढळले. सायकलरिक्षा ओढून पोट भरणाऱ्या एका माणसाच्या नावावर मोटारगाडी असल्याचे संगणकाने ठरवले होते. गाडी जवळपास त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाची होती.

आपल्याकडे नावांचा घोळ काही कमी नाही. तेच ज्ञानेश्वर इंग्रजी अक्षरांत दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जातात. लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे येते, काही घरांत तिचे स्वतःचे नावही बदलतात. मग आधार कार्ड माहेरच्या नावाचे, अंगणवाडीची नोंद सासरच्या नावाची आणि बँकेचे पासबुक तिसऱ्याच नावाचे. माणसाला ही एकच बाई दिसते. यंत्राला तीन दिसतात, किंवा एकही दिसत नाही.

याचा आरोग्याशी संबंध कसा येतो पाहा. रक्तदाबाच्या गोळ्यांवर ठीक असलेल्या एका आजींचा रक्तदाब मध्यंतरी एकाएकी फार वाढलेला आढळला. "आजी, गोळ्या घेता ना?" "घेते की बाबा, एक दिसाआड." निराधार योजनेचे पैसे दोन महिने जमा झाले नव्हते, म्हणून त्यांनी गोळ्या पुरवून पुरवून घ्यायला सुरुवात केली होती. आधार कार्डावरच्या नावापुढे 'बाई' होते, बँकेत नव्हते. त्या दिवशी मी औषध बदलले नाही. त्यांच्या नातवाला दोन्ही कागद घेऊन तहसील कचेरीत पाठवले.

म्हणूनच दोन्ही चुकांची किंमत सारखी धरता येत नाही. अपात्र माणूस यादीत राहिला तर सरकारचे काही किलो धान्य जाते. पात्र माणूस बाहेर पडला तर गरोदर बाईचे रक्त कमी होते, मुलाचे वजन थांबते, म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या सुटतात. कावीळ आहे की नाही हे प्रयोगशाळेच्या कागदावरून समजत असले, तरी आम्ही रुग्णाचे डोळे उघडून पाहतोच. शस्त्रक्रिया तर नुसत्या रिपोर्टावर कोणीच करीत नाही. संगणकाच्या यादीला रिपोर्टाइतकाच मान द्यावा. कोणाकडे आधी जायचे हे तिने जरूर सांगावे. कोणाचे अन्न तोडायचे हे मात्र त्या घरी गेलेल्या माणसानेच ठरवावे, तेही त्या कुटुंबाचे म्हणणे ऐकून घेतल्यावर.

आपण काय करावे?

१) मुलाचे वजन व उंची अंगणवाडीत आपल्या डोळ्यांसमोर मोजून घ्यावी व घरीही लिहून ठेवावी. सलग दोन महिने वजन वाढले नाही, तर मूल खेळते-हसते आहे म्हणून दुर्लक्ष करू नये.

२) सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर अंगणवाडीत पट्टीने मोजतात. तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मूल तीव्र कुपोषित समजून लगेच आरोग्य केंद्रात न्यावे. ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तरी सावध व्हावे व सेविकेचा सल्ला घ्यावा.

३) खरे वजन लिहिणाऱ्या सेविकेच्या पाठीशी गावाने उभे राहावे. "आमच्या गावचे नाव खराब होते" म्हणून तिच्यावर दबाव आणू नये. आकडा लपवला तर मदतही येत नाही.

४) आधार, शिधापत्रिका, बँक पासबुक व अंगणवाडीची नोंद यांत नाव, स्पेलिंग व जन्मतारीख एकच आहे ना, हे आजच ताडून पाहावे. सुनेच्या नावाकडे विशेष लक्ष द्यावे. अडचण येण्यापूर्वी दुरुस्ती करणे सोपे असते.

५) हयातीचा दाखला वेळेवर द्यावा. अंथरुणाला खिळलेल्या माणसांबाबत शेजाऱ्यांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी पुढाकार घ्यावा.

६) रेशन, पेन्शन किंवा आहार अचानक बंद झाला तर "संगणकानेच नाव काढले" या उत्तरावर परत फिरू नये. लेखी अर्ज द्यावा, कारण लेखी मागावे आणि पोच घ्यावी.

७) कामासाठी गाव सोडताना अंगणवाडीताईला सांगून जावे आणि मुलाचे लसीकरण कार्ड व वजनाची नोंद सोबत न्यावी. नव्या ठिकाणच्या अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात ती दाखवावी.

८) दवाखान्यात येताना डॉक्टरांना हेही सांगावे की, घरात धान्य येते का, पेन्शन सुरू आहे का. लाज वाटण्याचे कारण नाही. औषधाइतकीच ती माहिती आम्हांला उपयोगी पडते.

ग्रामसभेत रस्ता, गटार, पाणी यांची चर्चा होते. वर्षातून एकदा तरी तेथे लाभार्थींची यादी मोठ्याने वाचून घ्यावी. कोणाचे नाव गळले, कोण गाव सोडून गेले, कोणाच्या घरी बाळ जन्मले आणि नोंद राहिली, हे चावडीवर बसलेली माणसे दहा मिनिटांत सांगतील. ती दुरुस्त यादी मग संगणकाला द्यावी. त्याच्याकडून काम चांगले करून घ्यायचे तर आधी त्याला खरे सांगितले पाहिजे.